सोमवार बंद, फोन चालू

मुलांच्या मोबाइलवर उपाय सांगणाऱ्या तज्ज्ञांचं एक बरं असतं. त्यांचा पहिला उपाय जेवणाच्या टेबलावरच सुरू होतो. रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आता दिल्लीच्या करोल बागेतल्या रैगरपुऱ्यात दुसरी खोली कुठून आणायची, हा एक प्रश्न. आणि 'सगळे' कुठून आणायचे, हा त्याहून मोठा.

आमचे एक स्नेही तिथे गलाईचा धंदा करतात. मूळचे विट्याकडचे. दागिन्यांची मोड आली की मुशीत वितळवायची, तेजाबात घालायची, टंच, म्हणजे शुद्धतेचा कस, काढायचा आणि चोख सोनं परत करायचं, हा खानापूर, आटपाडी, कडेगावकडच्या माणसांचा पिढीजात उद्योग. तिकडे पाऊस पडेना, म्हणून माणसं घराबाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांच्या मागच्या गल्ल्यांत भट्ट्या पेटवून बसली. आमचे शेठही त्यातलेच. शेठ दुकानात, वहिनी नोएडात नोकरीला, चिरंजीव तिसरीत. दुकानात गावाकडची दोन पोरं कामाला. ती रात्री तिथेच पोटमाळ्यावर झोपतात.

या घराच्या सुट्ट्यांचा हिशोब बघा. करोल बागेचा बाजार सोमवारी बंद. शाळा रविवारी बंद. वहिनींचं ऑफिस शनिवार-रविवार बंद, निदान कागदावर तरी. म्हणजे रविवारी मायलेक घरी तेव्हा शेठ भट्टीपाशी, आणि सोमवारी शेठ घरी तेव्हा मायलेक बाहेर. तिघांची सुट्टी हमखास एकत्र पडते ती २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. या कुटुंबाला एका पंगतीला बसवायचं म्हणून देशाला एकदा स्वतंत्र व्हावं लागलं, एकदा प्रजासत्ताक व्हावं लागलं आणि गांधीजींना जन्म घ्यावा लागला. उरलेल्या दिवशी पंगत व्हॉट्सअ‍ॅपवर.

सोमवारी दुपारी शेठ घरी एकटे असतात. पंखा, पलंग आणि रील. कुस्तीचे फड, बैलगाडा शर्यती, मग कुणीतरी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे फायदे सांगतो, मग पुन्हा कुस्ती. घरातला सगळ्यात मोठा स्क्रीन टाइम हा. पण त्याची नोंद कुणी ठेवत नाही, कारण नोंद ठेवायचं अ‍ॅप मुलाच्या टॅबवर टाकलेलं आहे.

कुलपांची गोष्टही तशीच. मुलाच्या टॅबला कुलूप, यूट्यूबला कुलूप, टीव्हीला चार आकडी कुलूप. आणि ही कुलपं कुठे लावायची? गफार मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर! ज्या बाजारात कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही देशाचं कुलूप चहा गार व्हायच्या आत निघतं, त्याच्या शेजारी राहून बाप मुलाला पासवर्डचा धाक दाखवतो. हा बाजार फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांचा. नाव खान अब्दुल गफार खान यांचं. सरहद्द गांधी, उभं आयुष्य खादीत काढलेला माणूस. आणि त्यांच्या नावाने ऐंशीच्या दशकात दिल्लीकर काय आणायला जायचे, तर इम्पोर्टेड व्हीसीआर आणि वॉकमन. १९८७ मध्ये सरकारने त्यांना भारतरत्न दिलं. बाजाराने त्यांना आधीच काय दिलं होतं, ते त्यांच्या कानावर गेलं नसावं अशी आशा करू.

आता तिथे फोन दुरुस्त होतात. फूटभर रुंदीच्या काउंटरमागे भिंग डोळ्याला लावून बसलेला पोरगा हीट गनने काच सोडवतो आणि वर न बघता निकाल देतो, ‘फोल्डर जाएगा,’ म्हणजे अख्खा डिस्प्ले बदलायचा. आम्ही तिथे उभे राहून एक निरीक्षण केलं आहे. गफार मार्केटात येणारा प्रत्येक फुटका फोन मुलाने पाडलेला असतो. ‘बच्चे ने गिरा दिया, भैया.’ मोठ्या माणसाच्या हातून फोन पडल्याची वार्ता त्या गल्लीत अजून पोचलेली नाही. ज्याला फोनला हात लावायची बंदी, तोच रोज चार वेळा फोन पाडतो, हे भैयालाही कळतं. पण त्याला फोल्डर विकायचा असतो.

शेठच्या फोनचं तर आणखीच. तेजाब आणि आच यांच्यात आयुष्य घातलेल्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा उरतात कुठे? नव्या फोनने शेठचा अंगठा ओळखायला साफ नकार दिला. उजवा झाला, डावा झाला, पुसून झाला, तेल लावून झालं. शेवटी वैतागून त्यांनी चिरंजीवांचा अंगठा नोंदवला. तेव्हापासून आकडी पासवर्ड आठवला नाही की हाक जाते, ‘ए, अंगठा दे जरा!’ पोरगं येतं, बापाचा फोन उघडून देतं, आणि बाप त्याच फोनवर आलेला लेख त्याला वाचून दाखवतो: मोबाइलचे मुलांच्या मेंदूवर होणारे दुष्परिणाम.

शेठना नुसती नावं ठेवून भागणार नाही. त्यांच्या धंद्यानेच झोप सोडली आहे. पूर्वी सोन्याचा भाव दिवसाचा असायचा. सकाळी कळला की दुकान त्यावर चालायचं, आणि रात्री बाप मोकळा. आता एमसीएक्स या वायदे बाजारात रात्री साडेअकरापर्यंत भाव हलतो. अमेरिकेत हिवाळ्याचं घड्याळ लागलं की आणखी पंचवीस मिनिटं. तिकडे न्यूयॉर्कला कुणीतरी दुपारच्या सँडविचबरोबर एक वाक्य बोलतो आणि इकडे रैगरपुऱ्यात आमटी-भात कालवता कालवता शेठचा हात थांबतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये तोळा लाखाला भिडला, तेव्हापासून तर शेठ जेवताना फोन ताटाच्या डाव्या बाजूला ठेवतात, मीठ-लिंबाच्या जागी.

वहिनींची तऱ्हा वेगळी. त्यांना मेट्रोची ब्लू लाइन थेट आहे, करोल बाग ते नोएडा, गाडी बदलायची गरज नाही. म्हणजे ऑफिसलाही त्या पोचायची वाट बघायची गरज राहिली नाही. घरून निघाल्या की महिलांच्या डब्यात मीटिंग सुरू. एका कानात साहेब, दुसऱ्या कानात ‘अगला स्टेशन झंडेवालान है’. यमुना ओलांडेस्तोवर अर्धा दिवस भरलेला असतो, आणि हजेरी मात्र नोएडाला पोचल्यावर लागते. संध्याकाळी तोच प्रकार उलट्या दिशेने. साडेसातला दारात चप्पल काढताना त्या म्हणतात, ‘सर, आय विल जस्ट जॉइन फ्रॉम होम,’ आणि मुलगा न सांगता टीव्हीचा आवाज कमी करतो. शिकवलेलं नाही हो कुणी. आपोआप.

त्यात तिसरीच्या पालकांचा ग्रुप. या ग्रुपवर मी खरं तर अख्खं सदर लिहायला हवं, पण माझ्या ओळखीच्या सगळ्या बायका त्यात आहेत. रात्री पावणेदहाला निरोप येतो: उद्या पिवळा चार्ट पेपर, दोन आइस्क्रीमच्या काड्या आणि एक वापरलेली बाटली. त्याखाली बत्तीस नमस्कार. मग एक आई विचारते, पिवळा म्हणजे लेमन की मस्टर्ड? मग अकरापर्यंत चर्चा. सकाळी शाळेत पोस्टर स्पर्धा, विषय ‘से नो टू स्क्रीन’. पोस्टरचा नमुना कुठून उतरवायचा, त्याची लिंकही ग्रुपवरच.

एवढंही एक वेळ चाललं असतं, पण दिल्लीत खुद्द हवाच पोराच्या हातात फोन देते. २०२४ चा नोव्हेंबर आठवा. प्रदूषणाचा निर्देशांक साडेचारशेच्या पलीकडे गेला, ‘ग्रॅप’ या प्रदूषण-निर्बंधांचा चौथा टप्पा लागला, आणि १८ तारखेपासून दहावी-बारावी सोडून सगळ्या शाळा ऑनलाइन. पाठोपाठ सरकारी कार्यालयांतल्या निम्म्या लोकांनी घरून काम करायचा हुकूम निघाला. दहा महिने ज्या मुलाला ‘ठेव तो टॅब’ म्हणून ओरडायचं, त्याला सकाळी आठला उठवून ‘घे तो टॅब’ म्हणायचं. खेळायला बाहेर जाऊ नकोस, हवा वाईट आहे. घरात स्क्रीनकडे बघू नकोस, डोळे वाईट होतील. आता पोराने भिंतीकडे बघावं, तर रैगरपुऱ्यातल्या घराला मोकळी भिंतही एकच, आणि तिच्यावर टीव्ही.

तर अशा घरात गेल्या महिन्यात क्रांतीची हाक आली. ती आली गावाकडून.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. शेठच्या गावापासून लांब नाही. करोनात शाळा फोनवर गेली, पुढे शाळा परत वर्गात आली, पण पोरं फोनवरून परत आली नाहीत. गावाने ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून देवळावर भोंगा वाजायला लागला. संध्याकाळी सातला भोंगा, की टीव्ही, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, की चालू. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. आशा सेविका, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या, लोकांना समजावत राहिल्या. देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, बीबीसीपर्यंत गेलं. कुणी हसलंही असेल. पण दिल्ली-मुंबईच्या समुपदेशकांना जे फी घेऊन जमलं नाही, ते एका ग्रामपंचायतीने भोंग्यावर करून दाखवलं.

शेठना ही गोष्ट कळली ती अर्थातच रीलवर. सोमवारी दुपारी. ऊर भरून आला. आपला तालुका शेजारचा, माणसं आपली, मग आपल्याच घरात का नको? संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, उद्यापासून सातला फोन बंद.

आता सात वाजता त्या घरात असतं कोण ते बघू. शेठ दुकानात, संध्याकाळ म्हणजे गिऱ्हाइकाची वेळ. वहिनी राजीव चौक स्टेशनात, गर्दीत एका पायावर. घरात मुलगा, आणि शेजारच्या आंटी येऊन-जाऊन डोकावणार. म्हणजे सातला भोंगा वाजला तर तो ऐकायला हजर एकटं आठ वर्षांचं पोर. वडगावात सातला फोन बंद झाला की मागे माणसं उरतात. आजी उरते, चुलता उरतो, ओट्यावर बसलेलं कुणी ना कुणी उरतं. करोल बागेत फोन बंद केला की मागे काहीच उरत नाही. फोन काढून घेण्याआधी त्या जागी एक माणूस आणून ठेवावा लागतो, आणि माणूस गफार मार्केटात मिळत नाही.

बरं, सात ते साडेआठ हा मुलगा फोनवर करतो काय? साडेसातला विट्याहून आजीचा व्हिडिओ कॉल येतो. रोज. आजीला फोन धरता येत नाही, त्यामुळे इकडे अर्धं कपाळ आणि वरचा पत्रा एवढंच दिसतं. ‘जेवलास का रं?’ ‘आजी, अभी टाइम कहाँ झालाय!’ ‘काय म्हणतंय हे?’ मग त्याचे पाढे होतात. सत्तावीसचा पाढा आजी न अडखळता म्हणते. तो कॅल्क्युलेटर उघडून ताळा करतो आणि दर वेळी हरतो. त्या पोराच्या तोंडात जे काही मराठी शिल्लक आहे, ते या अर्ध्या कपाळाच्या कृपेने. नव्या नियमाची पहिली कुऱ्हाड पडली ती नेमकी आजीवर. कुस्तीचे रील सोमवारी दुपारचे असल्याने सुखरूप राहिले.

आणि गंमत अशी की असा नियम आजीच्या गावानेही उद्या उचलला, अन् फोन म्हणजे कॉलसुद्धा असं कुणी ताणलं, तर सात ते साडेआठ तिकडून फोन नाही आणि साडेआठनंतर पोर पेंगणार. गाव सुधारलं, आणि परगावी गेलेल्यांची आजी गेली. भोंग्याच्या विरोधात मी नाही. उलट त्यातली मेख मला फार आवडते: तो सगळ्यांसाठी एकदम वाजतो. एकट्याने फोन बंद ठेवला तर तो माणूस गैरहजर ठरतो, ऑफिसात, ग्रुपवर, बाजारात. अख्ख्या गावाने ठेवला तर कुणाचंच काही बुडत नाही. पण करोल बागेसाठी भोंगा वाजवणार कोण? महापालिका? झंडेवालानजवळचा तो १०८ फुटी हनुमान आहे, मेट्रोतून दिसणारा. आरतीच्या वेळी यंत्रावर त्याचे हात हलतात आणि छाती उघडते, आत राम-सीता. मारुतीराया छाती उघडतात त्या क्षणी खालचे झाडून सगळे हात वर असतात. जोडलेले नव्हे, फोन धरलेले. त्याच्या पायाशी भोंगा लावला तर लोक भोंग्याचंही शूटिंग करतील.

अजमल खान रोडवरून जाताना मला नेहमी वाटतं, हकीम अजमल खान आज असते तर नाडी कुणाची बघितली असती? याच करोल बागेत त्यांचं तिब्बिया कॉलेज, १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. हकीमसाहेबांपुढे आई-बाप पोराला घेऊन आले असते, ‘दिवसभर मोबाइल बघतो.’ कुठलाही बरा हकीम आधी विचारतो, घरात आणखी कुणाला आहे? मग बाप आकाशाकडे बघायला लागला असता. दरम्यान आईला कॉल आला असता आणि ‘एक मिनिट हं’ म्हणून ती बाहेर गेली असती.

मोठ्यांच्या रोगावर औषध सुचवणारं कुणी नाही असंही नाही. आपल्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं. कामाचे तास संपल्यावर साहेबाचा फोन, मेल न उचलण्याचा कर्मचाऱ्याला हक्क. फ्रान्सने असा कायदा २०१७ पासून लागू केला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आपल्याकडचं विधेयक पडून राहिलं. मग २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडलं. न पाळणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण मेहनतान्याच्या एक टक्का दंड, अशी तरतूद. करोल बागेहून संसद लांब नाही, राजीव चौकात गाडी बदलून एकूण पाचवं स्टेशन. पण स्वातंत्र्यापासून आजवर खासगी विधेयकं संमत झाली ती सगळी मिळून चौदा, आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा एमसीएक्स नव्हतं, मेट्रो नव्हती, आणि शेठचा जन्म व्हायचा होता. मोठमोठ्या कंपन्यांचे धनी मधूनच आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करा म्हणून सांगतात. त्यांना मात्र विधेयक मांडावं लागत नाही. ते एका भाषणात लागू होतं.

वहिनींच्या ऑफिसने यावर आपल्या परीने तोडगा काढला. ‘डिजिटल संतुलन आणि कुटुंब’ असा वेबिनार ठेवला. रविवारी संध्याकाळी सात वाजता. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू.

त्याच रविवारी रात्री आम्ही शेठकडे जेवायला होतो. विधेयकाचा विषय निघाला. शेठ पेटले. ‘पास व्हायलाच पाहिजे हो! काय चाललंय हे? रात्री नऊला हिच्या साहेबाचा फोन. माणसाला घरदार आहे का नाही? पोरानं आईशी बोलायचं कधी?’ वहिनी काही बोलल्या नाहीत, ताटं उचलायला लागल्या. शेठचा सूर वर गेला होता. संध्याकाळी सुटल्यावर धन्याने फोन करायचाच नाही, केला तर दंड, जबर दंड. एक टक्का कसला, पाच टक्के करा.

बोलता बोलता त्यांनी फोन उचलला. सकाळी मेरठहून मोड यायची होती, पोराला भट्टी लवकर लावायला सांगायचं होतं. साडेदहा वाजले होते. मुलाचा अंगठा झोपलेला, म्हणून आकडे आठवून फोन उघडला, दुकानातल्या पोराला लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. हे पोरगं आटपाडीकडचं, बायको आणि अंगणवाडीत जाणारी मुलगी गावाकडे. दिवसभर भट्टीसमोर फोन खिशात ठेवायलाही मनाई. शेठनी तिसऱ्यांदा लावला, फोन कानाला धरून आमच्याकडे बघितलं आणि खऱ्याखुऱ्या वैतागाने म्हणाले, ‘रात्रीच्या साडेदहाला एवढं कुणाशी बोलत असतंय हे?’